औद्योगिक योजना जागतिक व्यापार नियमांत बसते का? अधिसूचना वाचून तपासण्याची पद्धत

सरकारने एखाद्या उद्योगासाठी योजना जाहीर केली, की बातमीत आधी येतो तो रकमेचा आकडा. ती योजना जागतिक व्यापार नियमांत बसते का हे ठरवताना मात्र तो आकडा बराच नंतर लागतो. आधी पाहायची ती अट. पैसे, सवलत किंवा परवाना नेमके काय केल्यावर मिळणार? प्रचंड रकमेच्या योजना वर्षानुवर्षे निर्धास्त चालतात आणि एखादी बेताची योजना एका ओळीतल्या अटीमुळे जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनलसमोर, म्हणजे वाद ऐकणाऱ्या मंडळासमोर, हरते. पुढची पद्धत ही अट शोधून काढण्यासाठी आणि तिचे वजन ओळखण्यासाठी आहे. धोरणाचा मसुदा करणाऱ्यांना, उद्योगसंघटनांना, निर्यातदारांना आणि या विषयावर लिहिणाऱ्या पत्रकारांना ती सारखीच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: मूळ कागद मिळवा

भाषण किंवा प्रसिद्धीपत्रक यांवरून निष्कर्ष काढू नका. अधिसूचना, मार्गदर्शक सूचना, अर्जाचा नमुना आणि निविदा असेल तर तिची कागदपत्रे, असे चारही मिळवा. अधिसूचनेची भाषा बहुधा सावध असते. खरी अट अर्जाच्या नमुन्यात किंवा 'व्याख्या' आणि 'पात्रता' या प्रकरणांत सापडते. 'देशी मूल्यवर्धन' हा शब्द अधिसूचनेत नुसता उद्दिष्ट म्हणून येतो आणि अर्जात त्याच शब्दापुढे टक्केवारीचा रकाना असतो. तो रकाना असेल तर उद्दिष्टाची अट झाली असे समजा.

वाचताना एका कागदावर लिहून काढा: कोण देते, काय देते, कुणाला देते, कशाच्या बदल्यात देते, किती वर्षे देते आणि अट मोडली तर काय होते. मालाचा सहा अंकी एचएस कोडही (जागतिक वर्गीकरणातला क्रमांक) नोंदवा. त्याशिवाय पुढची शुल्काची तपासणी होऊच शकत नाही.

दुसरी पायरी: उपाय सीमेवरचा आहे की सीमेच्या आतला?

माल देशात येताना किंवा देशाबाहेर जाताना लागू होणारे उपाय आणि माल आत आल्यानंतरचे उपाय यांना वेगवेगळी कलमे लागतात.

सीमेवरचे पहिले साधन म्हणजे आयात शुल्क. ते लावायला मनाई नाही, पण प्रत्येक सदस्य देशाने आपल्या वचनसूचीत कमाल दर लिहून दिलेले असतात. त्यांना बाऊंड रेट म्हणतात. प्रत्यक्ष आकारला जाणारा दर याहून कमी असेल, तर मधल्या अंतरापुरती वाढ करायला मोकळीक असते. गॅट या वस्तुव्यापाराच्या मूळ कराराचे कलम २ या कमाल मर्यादेचे आहे; पुढे नुसत्या क्रमांकाने येणारी कलमेही याच करारातली. भारताने मोबाइल फोन आणि इतर काही इलेक्ट्रॉनिक मालावर वाढवलेल्या शुल्काविरुद्ध युरोपीय संघ, जपान आणि तैवानने तक्रारी केल्या, तेव्हा वाद याच अंतराचा होता. वचनसूची एचएसच्या २००७ च्या आवृत्तीत आणताना चूक झाली, असे भारताचे म्हणणे होते. एप्रिल २०२३ मध्ये पॅनलने ते मान्य केले नाही आणि बाऊंड रेट शून्य धरला. वर्गीकरणाची आवृत्ती बदलली की वचनसूचीची ओळ पुन्हा पडताळून पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण सगळा खटला त्यावर उभा राहू शकतो.

शुल्क लावलेच तर ते सर्व सदस्य देशांच्या मालावर सारखे असायला हवे. कलम १ मधले हे एमएफएन तत्त्व. मुक्त व्यापार करार, विकसनशील देशांना दिलेल्या खास सवलती, डंपिंगविरोधी (अति स्वस्तात विकलेल्या मालावरचे) आणि प्रतिपूरक (अनुदानित मालावरचे) शुल्क हे त्याचे नेहमीचे अपवाद.

कोटा आणि बंदी यांचे गणित याहून कडक आहे. कलम ११ प्रमाणे आयातीवर किंवा निर्यातीवर संख्येची मर्यादा घालता येत नाही. कच्चा माल देशातच राहावा आणि त्यावर प्रक्रिया करणारे कारखाने उभे राहावेत, म्हणून इंडोनेशियाने २०२० पासून निकेलच्या खनिजाची निर्यात बंद केली. युरोपीय संघाच्या तक्रारीवर नोव्हेंबर २०२२ मध्ये पॅनलने ही बंदी कलम ११ विरुद्ध ठरवली. निर्यात शुल्काची गोष्ट निराळी. गॅट त्याला सरसकट मनाई करत नाही. ज्या देशाने व्यापार संघटनेत प्रवेशावेळी स्वतःहून वचन दिले त्यालाच ते बांधते. चीनने २००१ मध्ये तसे वचन दिले होते. त्यामुळे दुर्मीळ मृदा धातूंच्या २०१४ च्या प्रकरणात कोट्याबरोबर निर्यात शुल्कही बेकायदा ठरले. हाच हेतू असलेले हेच साधन दुसऱ्या देशाच्या हातात कदाचित वैध ठरले असते.

सीमेच्या आत कलम ३ लागते: एकदा शुल्क भरून माल आत आला की कर, विक्री, वापर या बाबतींत त्याला देशी मालाहून कमी वागणूक देता येत नाही. एखादा उपाय सीमेवरचा की आतला असा प्रश्न पडला, तर पैसे देण्याची जबाबदारी कोणत्या घटनेमुळे येते ते बघा. चीनने मोटारींच्या सुट्या भागांवर जादा आकार लावला होता. पूर्ण मोटारीत आयात भागांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, तर सुट्या भागांच्या १० टक्क्यांऐवजी पूर्ण मोटारीचा २५ टक्के दर लागायचा. वसुलीला सीमाशुल्क म्हटले होते, पण ती ठरत होती कारखान्यात मोटार जोडली गेल्यावर. २००८ मध्ये पॅनलच्या निकालांवरची अपिले ऐकणाऱ्या अपील संस्थेने तिला अंतर्गत आकार मानले आणि चीन कलम ३ खाली हरला.

तिसरी पायरी: 'इथे बनवा' की 'इथले वापरा'?

संपूर्ण तपासणीतली सर्वांत महत्त्वाची रेषा हीच. कारखाना आमच्या देशात उभारा, तर पैसे देऊ, असे सरकार म्हणू शकते. देशी उत्पादकालाच अनुदान देण्याची मुभा कलम ३ च्या ८ (ब) मध्ये स्पष्ट आहे. पण आमच्या देशात बनलेला सुटा भाग, पत्रा किंवा यंत्र वापरा, तर पैसे देऊ, असे म्हटले की तीन नियम एकदम मोडतात: गॅटचे कलम ३ (४), गुंतवणूक उपायांवरचा ट्रिम्स करार आणि अनुदान कराराचे कलम ३.१ (ब). शेवटच्यात तर नुकसान सिद्ध करण्याचीही गरज नसते. आयात मालाऐवजी देशी माल वापरण्यावर बेतलेले अनुदान मुळातच निषिद्ध आहे.

या रेषेचा उत्तम नमुना बोइंगच्या ७७७एक्स विमानाच्या प्रकरणात मिळतो. वॉशिंग्टन राज्याने करसवलत देताना विमानाची आणि त्याच्या पंखांची जुळणी राज्यातच करण्याची अट घातली. पॅनलला त्यातल्या एका भागात देशी मालाची सक्ती दिसली. सप्टेंबर २०१७ मध्ये अपील संस्थेने तो निष्कर्ष उलटवला. उत्पादनाचे ठिकाण ठरवून दिले म्हणजे आयात मालाऐवजी देशी माल वापरायला लावले असे आपोआप होत नाही. साहजिक परिणाम म्हणून देशी भाग अधिक वापरले गेले, तरीही नाही.

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २००९ मध्ये सौर आणि पवन विजेसाठी हमी दराची योजना सुरू केली. बहुतेक प्रकल्पांना वीस वर्षांचा खरेदी करार मिळे, पण यंत्रसामग्री आणि कामात प्रांतातल्या मालाचा किमान वाटा हवा होता; सौर प्रकल्पांसाठी तो ६० टक्क्यांपर्यंत गेला. जपान आणि युरोपीय संघाने तक्रार केली. ही सरकारी खरेदी आहे आणि सरकारी खरेदीला कलम ३ लागत नाही, असा कॅनडाचा बचाव होता. मे २०१३ मध्ये अपील संस्थेने म्हटले की सरकार विकत घेते ती वीज आणि भेदभाव होतो तो सौर व पवन यंत्रसामग्रीबाबत. या दोन वस्तू एकमेकींच्या स्पर्धेत नाहीत, म्हणून बचाव लागू नाही. हमी दराने लाभ मिळतो का, हा पैशाचा प्रश्न त्या प्रकरणात शेवटपर्यंत सुटलाच नाही. अट मात्र पडली.

तीन वर्षांनी भारताच्या राष्ट्रीय सौर मोहिमेतल्या देशी सेल आणि मोड्यूलच्या अटीचे असेच झाले. वीज खरेदीचा बचाव त्याच तर्काने फेटाळला गेला, आणि देशी सेलचा तुटवडा आहे ही सबबही टिकली नाही, कारण सेल जगाच्या बाजारात उपलब्ध होते. मग भारताने अमेरिकेच्या आठ राज्यांमधल्या नवीकरणीय ऊर्जेच्या उपायांवर तक्रार केली आणि जून २०१९ मध्ये पॅनलने भारताच्या बाजूने कौल दिला. सक्ती नसून जादा लाभ ठेवला तर चालेल, असे समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. अट ऐच्छिक असली, न पाळणाऱ्याला दंड नसला, नुसता थोडा बोनस असला, तरी 'लाभ मिळवण्यासाठी आवश्यक' एवढे पुरेसे आहे. अमेरिकेच्या २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांच्या करसवलतीवर देशी घटकांसाठी असाच बोनस ठेवला गेला. त्या कायद्यातल्या तरतुदींवर २०२४ मध्ये चीनने तक्रार नोंदवली.

ही अट वेष बदलून येते, म्हणून मजकुरात पुढील गोष्टी शोधा: निविदेच्या गुणांकनात देशी घटकाला गुण, आयातीची रक्कम निर्यातीच्या प्रमाणात बांधणे, देशी पुरवठादारांची 'मान्यताप्राप्त यादी', देशी वाट्यानुसार सुट्या भागांवरचे शुल्क कमी करणे. शेवटचा प्रकार इंडोनेशियाच्या १९९६ च्या राष्ट्रीय मोटार योजनेत होता. ती १९९८ मध्ये पॅनलसमोर हरली.

चौथी पायरी: निर्यातीची अट

निर्यात केल्यावर मिळणारे अनुदान हे दुसरे निषिद्ध अनुदान. अनुदान कराराचे कलम ३.१ (अ). अट कागदावर नसली तरी वस्तुस्थितीवरून ती सिद्ध होऊ शकते. पण अनुदान घेणारी कंपनी निर्यात करते, एवढ्यावरून नाही. तळटीप ४ तसे सांगते. एअरबसच्या प्रकरणात अपील संस्थेने २०११ मध्ये कसोटी घालून दिली: देशांतर्गत आणि परदेशी बाजारांतल्या मागणीनुसार विक्रीचे जे प्रमाण साहजिक राहिले असते, ते निर्यातीकडे झुकवण्यासाठी अनुदान रचले आहे का? म्हणून वाढीव एकूण विक्रीवर आधारलेले प्रोत्साहन आणि वाढीव निर्यातीवर आधारलेले प्रोत्साहन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, रक्कम तीच असली तरी.

करपरतावा मात्र वेगळा ठेवा. निर्यात मालावर पडलेला अप्रत्यक्ष कर किंवा त्यात वापरलेल्या कच्च्या मालावरचे आयात शुल्क परत करणे अनुदान नाही, जोवर परतावा प्रत्यक्ष पडलेल्या भारापेक्षा जास्त होत नाही. तळटीप १ मधला हा नियम निर्यातदारांसाठी फार मोलाचा आहे. भारताच्या एमईआयएस या निर्यात प्रोत्साहन योजनेत निर्यातीच्या मूल्याच्या टक्केवारीवर हस्तांतरणीय स्क्रिप (शुल्क भरायला वापरता येणारी पत्रे) मिळत. भरलेल्या करांशी त्यांचा मेळ नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅनलने या योजनेसह भारताच्या अनेक निर्यात योजना निषिद्ध ठरवल्या. २०२१ पासून आलेली रोडटेप योजना न परतलेल्या करांच्या परताव्यावर बेतली आहे. तरीही अमेरिकेने काही भारतीय मालावर रोडटेपचा लाभ मोजून प्रतिपूरक शुल्क लावले. परताव्याच्या योजनेत दर ठरवणे हे अर्धे काम. कोणत्या मालात किती कच्चा माल आणि किती कर गेला हे दाखवणारी पडताळणीची यंत्रणा हे उरलेले अर्धे. आयातदार देश तपासायला येतो ती हीच.

अतिगरीब देशांना आणि परिशिष्ट ७ मधल्या देशांना निर्यात अनुदानाच्या मनाईतून सूट आहे. यादीतल्या देशांसाठी मर्यादा दरडोई राष्ट्रीय उत्पन्न १००० डॉलर, तेही १९९० च्या स्थिर किमतींत आणि सलग तीन वर्षे. भारताने ही मर्यादा ओलांडल्याचे संघटनेने २०१७ मध्ये जाहीर केले. त्यानंतर आठ वर्षांची मुदत मिळावी, हा भारताचा दावा पॅनलने नाकारला.

पाचवी पायरी: उरलेली अनुदाने, आणि आता रकमेकडे

दोन निषिद्ध अटी नसतील, तरी योजना कायमची सुरक्षित होत नाही. तीन प्रश्न विचारा. सरकारकडून आर्थिक हातभार आहे का (अनुदान, कर्ज, हमी, सोडलेला कर, स्वस्तात दिलेली जमीन किंवा वीज)? बाजारात मिळाले असते त्याहून चांगल्या अटी मिळाल्यामुळे लाभ झाला का? आणि तो ठरावीक कंपन्यांना किंवा उद्योगांनाच मिळतो का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील तर दुसऱ्या देशाला कारवाई करता येते, पण त्यासाठी नुकसान दाखवावे लागते. रकमेला महत्त्व येते ते इथे. सर्व उद्योगांना वस्तुनिष्ठ निकषांवर आपोआप मिळणारी सवलत सहसा 'विशिष्ट' ठरत नाही, म्हणून तिला धोका कमी.

संशोधन, मागास प्रदेश आणि पर्यावरण यांसाठीच्या काही अनुदानांना सुरुवातीला अभय होते. ते १९९९ अखेर संपले आणि पुन्हा दिले गेले नाही. जुन्या पुस्तकांतून हे अभय अजून चालू असल्यासारखे वाचायला मिळते, त्यावर विसंबू नका. माझ्या मते ते संपू देणे ही मोठी चूक होती. हवामानबदलाच्या काळात हरित उद्योगाला मदत करू पाहणाऱ्या देशांपुढे आज स्पष्ट सुरक्षित वाट नाही.

सहावी पायरी: अपवाद तपासा, पण त्यांवर इमारत बांधू नका

कलम २० मध्ये आरोग्य, संपणारी नैसर्गिक संसाधने वगैरेंसाठी अपवाद आहेत. उपाय त्या हेतूशी खरोखर जोडलेला हवा आणि मनमानी भेदभाव करणारा नको. उद्योग वाढवणे हा हेतू त्या यादीत नाही. कलम २१ सुरक्षेचे. अमेरिकेने २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावताना ते पुढे केले. डिसेंबर २०२२ मध्ये पॅनलने ते नाकारले, कारण युद्ध किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांतली तशी आणीबाणी दिसत नव्हती.

याच टप्प्यावर मुक्त व्यापार करार आणि प्रवेशाची वचने वाचून घ्या. निर्यात शुल्क, सरकारी खरेदी, सरकारी कंपन्या यांवर ते बरेचदा मूळ नियमांहून कडक असतात.

सातवी पायरी: खरा फटका कुठून येईल?

व्यापार संघटनेपुढचा खटला सरकार सरकारशी लढते. निर्यातदाराला आधी जाणवते ते आयातदार देशाचे प्रतिपूरक शुल्क. तिथल्या उद्योगाने अर्ज केला की चौकशी सुरू होते आणि प्रश्नावली येते. उत्तराला किमान ३० दिवस मिळतात. सरकारलाही वेगळी प्रश्नावली येते. कंपनीने चोख उत्तर दिले आणि सरकारने अर्धवट दिले, तरी उपलब्ध माहितीवरून दर ठरवला जातो आणि तो बहुधा चढा असतो. म्हणून योजनेखाली लाभ घेतला त्या दिवसापासून मंजुरीपत्र, मिळालेली रक्कम, यंत्राचे आयुष्य, मालनिहाय विक्री यांची स्वतंत्र फाइल ठेवा. अनुदान मालाच्या मूल्याच्या १ टक्क्याहून कमी निघाले तर चौकशी बंद करावी लागते. विकसनशील देशांसाठी ही मर्यादा २ टक्के आहे. शुल्क लागले तर पाच वर्षांनी पुनर्विलोकन होते आणि न झाल्यास ते संपते.

डिसेंबर २०१९ पासून अपील संस्थेत सुनावणीपुरते सदस्य नाहीत. हरलेला देश अपील करतो आणि निकाल लटकतो. इंडोनेशियाचे निकेल प्रकरण आणि भारताच्या निर्यात योजनांचे प्रकरण असेच अडकले. काही देशांनी २०२० मध्ये आपापसांत पर्यायी अपील व्यवस्था उभी केली आहे. या कोंडीमुळे नियम संपले असे मानणारे फसतात, कारण प्रतिपूरक शुल्क लावायला अपील संस्थेची वाट पाहावी लागत नाही.

आता एक काल्पनिक योजना तपासू

एक देश बॅटरी उद्योगासाठी सहा कलमांची योजना काढतो. पहिले: देशात सेलचा कारखाना उभारणाऱ्याला यंत्रांच्या खर्चाच्या २५ टक्के अनुदान. ही 'इथे बनवा' अट आहे. अनुदान विशिष्ट आहे म्हणून कारवाई होऊ शकते, पण निषिद्ध नाही. ठेवा, आणि व्यापार संघटनेला अनुदानांच्या अधिसूचनेत कळवा.

दुसरे: कॅथोड (सेलचा एक घटक) ४० टक्के देशी असल्यास आणखी ५ टक्के. पाचच टक्के असले तरी हे कलम निषिद्ध. कॅथोडचा कारखाना हवा असेल तर कॅथोडच्या उत्पादकाला थेट अनुदान द्या. सेल बनवणाऱ्याने कुठला कॅथोड घ्यावा हे त्याच्यावर सोडा. हेतू तोच राहतो आणि कलम पडत नाही.

तिसरे: अर्धे उत्पादन निर्यात केल्यास व्याजसवलत. हेही निषिद्ध. सवलत एकूण वाढीव विक्रीला, ऊर्जाघनतेला किंवा सेलच्या आयुष्याला जोडता येईल.

चौथे: आयात सेलवरचे शुल्क ५ वरून १५ टक्के. बाऊंड रेट २० असेल तर चालेल, १० असेल तर नाही. मुक्त व्यापार करारातल्या भागीदारांकडून सेल शून्य शुल्काने येत असतील, तर वाढ करूनही संरक्षण मिळणार नाही, हेही मसुदा करणाऱ्याला सांगा.

पाचवे: लिथियमच्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी. कलम ११ आड येते. देशाने निर्यात शुल्काबाबत कुठे वचन दिलेले नसेल, तर शुल्काचा मार्ग मोकळा आहे. अत्यावश्यक मालाच्या तीव्र तुटवड्यासाठी तात्पुरती बंदी चालते, पण 'तात्पुरती' या शब्दाला मुदत लागते. बेमुदत बंदी त्यात बसत नाही.

सहावे: सरकार आपल्या वापरासाठी विजेवर चालणाऱ्या बस घेईल तेव्हा त्यांत देशी बॅटरीच हवी. बस स्वतःच देशी हवी असे म्हटले असते, तर सरकारी खरेदीचा अपवाद बहुधा लागू झाला असता, अर्थात तो देश सरकारी खरेदी करारात सामील नसेल तर. इथे मात्र विकत घेतली जाते ती बस आणि भेदभाव होतो बॅटरीबाबत. ऑन्टारिओच्या निकालात वस्तूच्या आतल्या घटकांचा हा प्रश्न अपील संस्थेने मुद्दाम खुला ठेवला होता. धोका पत्करायचा नसेल, तर बस आणि बॅटरी यांच्या निविदा वेगळ्या काढाव्यात आणि बॅटरी सरकारने स्वतःच थेट विकत घ्यावी.